बोटीच्या पाठीवरचं बंदर

घाटकोपरच्या टेकडीवर आमची चाळ होती आणि तिथून समुद्र अजिबात दिसत नसे. हे मुद्दाम सांगते, कारण माझे बाबा खलाशी होते. मालवणच्या किनाऱ्यावर वाढलेला माणूस, मिसरूड फुटायच्या आत बोटीवर चढला, अर्ध्या जगाच्या पाण्यावरून फिरला, आणि बिऱ्हाड केलं ते पायऱ्या चढून चढून धाप लागावी अशा टेकडीवर. कारण साधंच होतं. गावचे लोक आधीपासून तिथे राहत होते आणि एक खोली रिकामी झाली होती.

चाळीतले बाकीचे पुरुष बहुतेक गिरणीत. डबा घेऊन जात, पाळी संपली की परत येत. माझे बाबा एकदा गेले की नऊ-दहा महिने परत येत नसत. सुएझचा कालवा बंद पडला आणि बोटींना आफ्रिकेचा वळसा पडायला लागला, तेव्हापासून आणखी उशीर. आले की दोन-तीन महिने घरी, की पुन्हा बोलावणं. मी एकुलती एक. शाळेत वडिलांची सही मागितली की मी सांगायची, 'सही सध्या हॅम्बुर्गला आहे.' मी लहानपणापासून तोंडाळ. आई म्हणायची, हिच्या जिभेला हाड नाही, आणि ते खरंच होतं.

बाबा घरी असले की संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत मैफल जमे. बाबा कठड्याला टेकून बसत आणि लोक त्यांना बोलतं करत. नॉर्वेत उन्हाळ्यात मध्यरात्री सूर्य असतो, आम्ही बारा वाजता उन्हात डेकवर रंग मारला, असं बाबा सांगत. हॉलंडात जमीन खाली आणि समुद्र वर, मधे बांध घातलाय. एक गाव आहे तिथे रस्ते नाहीत, पाणीच आहे, भाजीवालासुद्धा होडीतून येतो. एक शहर असं आहे की अर्धं युरोपात आणि अर्धं आशियात, माणूस सकाळी एका खंडातून दुसऱ्या खंडात कामाला जातो. आणि लिस्बनला बेकरीत जाऊन मी 'पाव' म्हटलं तर बाईने बरोबर पाव काढून दिला.

या शेवटच्या गोष्टीवर लोक सगळ्यात जास्त हसत. शेजारच्या खोलीतले काका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते, त्यांनी या सगळ्याला एक नाव ठेवलं होतं: बोटीवरची थाप. मग तो चाळीचा वाक्प्रचारच झाला. कुणी म्हणालं की उद्या नळाला पाणी येणार आहे, की दुसरा म्हणे, 'बोटीवरची थाप.' पोरं खेळताना एकमेकांना म्हणत. मला शाळेच्या वाटेवर ऐकवत. काका तसे वाईट नव्हते. बाबा सफरीवर असताना आमचं रेशन आणि घासलेट रांगेत उभं राहून त्यांनीच आणलेलं आहे. म्हणून त्यांच्याशी भांडताही येत नसे आणि त्यांचं बोलणं सोसतही नसे. बाबा स्वतः हसत आणि गप्प बसत. मला त्यांच्या त्या हसण्याचाच जास्त राग यायचा.

माझे बाबा थापा मारत नव्हते. हे मला कसं माहीत होतं, ते सांगायला हवं.

बाबांचं शिक्षण गावच्या शाळेत तिसरीपर्यंत. पण हात फार स्थिर. बोटीवर सारंगाने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने, ते हेरलं आणि त्यांना एक खास काम दिलं. प्रत्येक बोटीच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत तिचं नाव असतं आणि नावाखाली तिचं बंदर, म्हणजे ती ज्या बंदराची आहे त्या गावाचं नाव. खाऱ्या पाण्याने तो रंग खराब होतो. मग एक फळी दोरांनी खाली सोडतात आणि त्या फळीवर बसून, खाली पाणी हलत असताना, एक माणूस ती अक्षरं पुन्हा रंगवतो. तो माणूस माझे बाबा. बाबा त्या जागेला बोटीची पाठ म्हणत. इंग्रजी अक्षरं त्यांना शाळेने शिकवली नाहीत, बोटीच्या पाठीने शिकवली.

पुढे त्यांना नादच लागला. बंदरात उतरायला मिळालं की बाकीचे बाजारात जात, बाबा धक्क्यावर फिरून दुसऱ्या बोटींच्या पाठी बघत. जाड पुठ्ठ्याची एक वही होती. प्रत्येक पानावर वर बोटीचं नाव, खाली बंदराचं नाव, अक्षराचं वळण होतं तस्संच, आणि बाजूला त्या देशाचा बावटा, बोटीवरच्याच रंगांच्या उरल्यासुरल्या थेंबांनी रंगवलेला. बाबा बोटीवर पानं सुटी रंगवत आणि घरी आल्यावर वहीत शिवत, वही घरीच असे. ती पानं जाड होऊन फुगली होती. वहीला रंगाचा वास यायचा. मी ए बी सी डी त्या वहीतून शिकले, आणि युरोपही.

मी आठवीत होते. आमच्या भागातलं वाचनालय दरवर्षी दिवाळीनंतर शाळांसाठी सामान्यज्ञानाची स्पर्धा घ्यायचं. दर वर्षी एक खंड. त्या वर्षी युरोप आला. भूगोल, इतिहास, चालीरीती, सगळं. शाळेने माझं नाव दिलं आणि योग असा की बाबा नेमके तेव्हा घरी होते.

आमच्या तयारीसारखी तयारी घाटकोपर ते मुलुंड दुसऱ्या कुणी केली नसेल. बाबा खडू घेऊन गॅलरीच्या फरशीवर युरोप काढत. सुरुवात जिब्राल्टरपासून, आणि मग हात न उचलता किनाऱ्या-किनाऱ्याने वर, पोर्तुगाल, फ्रान्स, हॉलंड, डेन्मार्कला वळसा, बाल्टिकमध्ये आत जाऊन बाहेर, नॉर्वेच्या त्या फाटक्या काठावरून थेट टोकापर्यंत. मग परत जिब्राल्टरला येऊन दुसऱ्या बाजूने इटली, ग्रीस, आणि शेवटी इंग्लंडचं बेट. प्रत्येक बंदरावर ठिपका. किनारा इतका बरोबर यायचा की मी पुस्तकातल्या नकाशाशी ताडून बघायची आणि चूक सापडायची नाही. पण आत सगळं कोरं.

"आणि आत काय?" मी विचारलं.

"आत आपला काय काम?" बाबा म्हणाले.

आतलं मी भरायची. आल्प्स, नद्या, राजधान्या, कुठल्या देशात छपाईचं यंत्र निघालं, ऑलिंपिकचे खेळ कुठे सुरू झाले, पिसाचा मनोरा कशामुळे कलला. कड बाबांची आणि पोट शाळेच्या पुस्तकाचं. लोक फरशीवर पाय न देता कडेकडेने जात. काका मात्र एकदा इंग्लंडवर पाय देऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आता राज्य आपलंय."

बावटे मात्र आई विचारायची. आईला वाचता येत नव्हतं. ती वही मांडीवर घेऊन बसे, अक्षरांवर तळहात ठेवी आणि बावटा तेवढा उघडा ठेवून विचारी, "ह्यो कोणाचो?" मी चुकले तर तिला लगेच कळायचं. कसं, ते मी तेव्हा विचारलं नाही. बाबा नसतानाच्या महिन्यांत आई ती वही किती वेळा उघडत असेल, हे माझ्या डोक्यात फार उशिरा आलं.

त्या वहीत एक पान होतं, लाल बावटा आणि मधे पांढरा क्रूस. खाली अक्षरं बासेल. बाबा म्हणाले, हा स्वित्झर्लंडचा. डेन्मार्कचाही लाल-पांढराच, पण त्याचा क्रूस कडेपर्यंत जातो. ह्याचा कडेला लागत नाही, मधेच असतो. ही बोट त्यांनी अँटवर्पच्या धक्क्यावर शेजारी लागलेली बघितली होती आणि पुढे जिनोआला तसलीच दुसरी. मी पुस्तकात पाहिलं तर स्वित्झर्लंडला समुद्रच नाही. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "पाठीर लिवलेला होता. मी बघलंय." माझ्यापुरता विषय संपला.

स्पर्धा रविवारी दुपारी वाचनालयाच्या सभागृहात होती. परीक्षक एक निवृत्त मुख्याध्यापक, भूगोल शिकवण्यात हयात गेलेली. काळा कोट, हातात घड्याळ, आवाज शांत. सगळे त्यांना सर म्हणत. आमची अर्धी चाळ बघायला आली होती. आई पुढे बायकांत, काका मधल्या रांगेत, आणि बाबा इस्त्रीची पँट घालून सगळ्यात मागच्या बाकावर.

आणि मग जी मजा झाली ती मी अजून विसरलेले नाही. सरांनी विचारलं, युरोपातल्या कोणत्या देशात उन्हाळ्यात मध्यरात्री सूर्य दिसतो? मी हात वर केला. नॉर्वे. बरोबर. कोणत्या देशाची बरीच जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे? हॉलंड. बरोबर. कोणतं शहर दोन खंडांत वसलेलं आहे? इस्तंबूल. बरोबर. पाव, चावी, पगार हे मराठीत आलेले शब्द मूळ कोणत्या भाषेतले? मी मुद्दाम उभी राहिले, काकांकडे तोंड केलं आणि म्हणाले, "पोर्तुगीज. लिस्बनला बेकरीत पाव मागितला तर पावच देतात." सर हसले आणि म्हणाले, "अगदी बरोबर." एकेक थाप खरी ठरत होती, तीही काळा कोट घातलेल्या माणसाच्या तोंडून. चाळीतले लोक एकमेकांकडे बघायला लागले. माझी मान जी वर गेली ती खाली येईना.

शेवटी दोघं उरलो. मी आणि मुलुंडच्या एका शाळेतला चष्मेवाला मुलगा, फार हुशार आणि फार सभ्य. सरांनी शेवटचा प्रश्न सांगितला. युरोपातली सात बंदरं सांगायची, सात वेगवेगळ्या देशांची, देशाच्या नावासकट, अर्ध्या मिनिटात. मला हसूच आलं. याहून सोपा प्रश्न माझ्यासाठी कुणी काढूच शकत नव्हतं. त्या मुलाला आधी संधी मिळाली, तो सहापर्यंत पोचला आणि वेळ संपली. मला सात पुरी करायची होती, बस.

लिस्बन, पोर्तुगाल. रोटरडॅम, हॉलंड. हॅम्बुर्ग, जर्मनी. अँटवर्प, बेल्जियम. जिनोआ, इटली. बर्गन, नॉर्वे. सहा झाली आणि वेळ भरपूर शिल्लक होता. कोपनहेगन जिभेच्या टोकावर होतं. पण मला नुसतं जिंकायचं नव्हतं, मला मिरवायचं होतं. जे कुणालाच माहीत नाही ते सांगायचं होतं.

"बासेल," मी म्हणाले. "स्वित्झर्लंड."

सरांनी घड्याळावरून नजर काढली. "बाळ, स्वित्झर्लंडला समुद्र नाही. चारी बाजूंनी दुसरे देश आहेत."

"माहीत आहे सर. तरी त्यांचं बंदर आहे. त्यांच्या बोटी आहेत. माझ्या बाबांनी बघितल्यात."

सभागृह हसलं. आणि मधल्या रांगेतून कुणीतरी, कुणीतरी म्हणजे काकांनीच, मोठ्याने म्हटलं, "बोटीवरची थाप." मग आमची चाळ एवढी हसली की बाकीच्यांना कळेना काय झालं.

सरांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. विचारलं, बावटा कसा होता? मी सांगितला. ते म्हणाले, तो डेन्मार्कचा असेल. मी म्हणाले, नाही, डेन्मार्कचा क्रूस कडेपर्यंत जातो, हा जात नव्हता. माणूस न्यायी होता. म्हणाले, "तुझी बाकीची तयारी उत्तम आहे आणि वेळही उरला आहे. मी तुला उत्तर बदलायची मुभा देतो. बासेल सोड, दुसरं कुठलंही बंदर सांग."

मी मागे पाहिलं. बाबा मागच्या बाकावरून उठून उभे राहिले होते. ते मला हाताने खुणावत होते, सांग, दुसरं सांग. तोंडावर तेच हसू होतं, गॅलरीतलं. ते हसू बघितलं आणि माझं डोकं फिरलं. कोपनहेगन म्हटलं असतं तर कप माझा होता. पण मग बासेल मी स्वतःच्या तोंडाने खोटं ठरवलं असतं, आणि बासेल खोटं तर नॉर्वेचा सूर्यही खोटा, आणि चाळीचं हसणं बरोबर.

"नाही सर," मी म्हणाले. "बासेलच."

वेळ संपली. मुलुंडच्या मुलाकडेही सहा, माझ्याकडेही सहा, पण त्याचं एकही उत्तर चुकलं नव्हतं. कप त्याला गेला. नियमाला धरूनच झालं.

आम्ही पायऱ्या चढून घरी गेलो. वर आल्यावर बाबांनी विचारलं, "कोपनहेगन तुका ठाऊक होता ना?"

"होतं."

"मगे?"

"मग तुम्ही खोटे ठरला असता."

बाबा खाटेवर बसले. बराच वेळ त्यांनी पायातले बूट काढले नाहीत. मग त्यांनी वही काढली, ते पान उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. "मी बंदर बघूक नाय," ते म्हणाले. "पाठीर लिवलेला तेवढा वाचलंय. पण बोटीच्या पाठीर खोटा लिवूक देनत नाय." ते मला समजावत होते की स्वतःला, ते कळलं नाही. पण त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच शंका ऐकली आणि मला हरल्यापेक्षा त्याचं जास्त वाईट वाटलं. एवढ्या वर्षांत लोकांच्या हसण्याने जे झालं नव्हतं ते माझ्या एका उत्तराने झालं होतं.

दुसऱ्या दिवशी माझी शाळा सुटल्यावर मी बाबांना घेऊन वाचनालयात गेले. घेऊन गेले हाच शब्द बरोबर आहे, ते स्वतःहून आले नसते. सर तिथे पेपर वाचत बसले होते. बाबा उभेच राहिले. मीच वही टेबलावर उघडली आणि म्हणाले, "सर, हे बघा."

सरांनी बासेलचं पान बघितलं. मग मागचं, मग पुढचं, मग पहिल्या पानापासून सुरुवात केली. पेपर बाजूला राहिला. बाबांना बसायला सांगितलं, तरी ते बसले नाहीत. शेवटी सर म्हणाले, "पण अहो, समुद्र नाही तिथे बंदर कसं असेल?"

बाबांनी तोंड उघडलं ते अगदी नम्रपणे. त्यांच्या परीने पुस्तकी मराठीत बोलले. "सर, हॅम्बुर्गात तरी समुद्र कुठे आहे? नदी आहे. अँटवर्पला नदीच. लंडनला नदीच. आपण मुंबईची माणसं, आपल्याला वाटतं बंदर म्हणजे समुद्रच पाहिजे. तिकडे बोटी नदीतून आत जातात. रोटरडॅमची नदी कुठून येते ते मला माहीत नाही. आत आम्ही गेलो नाही."

सर म्हणाले, "ऱ्हाईन." मग उठले, कपाटातला मोठा नकाशा काढून टेबलावर पसरला आणि रोटरडॅमवर बोट ठेवून नदीवरून मागे मागे नेत गेले. जर्मनी ओलांडली, आणि बोट थांबलं तिथे बारीक अक्षरांत नाव होतं. मी ते मोठ्याने वाचलं.

"नदी जाते, एवढं खरं," सर म्हणाले. "पण त्यांच्या बोटी समुद्रावर असतात हे यावरून सिद्ध होत नाही. मला थोडे दिवस द्या. त्यांच्या मुंबईतल्या वकिलातीला मी पत्र लिहितो."

उत्तर यायच्या आधी बाबांना बोटीचं बोलावणं आलं. निघताना त्यांनी वही आईऐवजी माझ्या हातात दिली. म्हणाले, सरांना लागली तर. मी त्यांना पायऱ्यांच्या खालपर्यंत सोडायला गेले. बॅग खांद्यावर घेताना ते म्हणाले, "उत्तर काय येयत ता माका कळव. खोटा असला तरी कळव."

पुढचे दिवस मी शाळेतून येताना रोज वाचनालयाच्या दारात डोकावत असे, आणि सर नुसती मान हलवत. मला मनातून भीती वाटायला लागली होती. बाबांना डेन्मार्क आणि स्वित्झर्लंडमधला फरक कळत नाही असं होणं शक्य नव्हतं, पण वकिलात काय उत्तर देईल ते कुणी सांगावं. काका येता-जाता विचारत, "काय गं, आली का बोट?"

एका संध्याकाळी चाळीत गलका झाला. काळ्या कोटातले सर पायऱ्या चढून येत होते. मधे दोनदा कठड्याला धरून थांबले. वर येऊन त्यांनी काकांनाच विचारलं, "बोटीवर असतात त्यांचं घर कोणतं?" काकांनी आमचं दार दाखवलं आणि तिथेच उभे राहिले.

आईने खुर्ची दिली, पण सर खोलीत आले नाहीत. "मी गॅलरीतच बसतो," ते म्हणाले, "हे सगळ्यांनी ऐकलेलं बरं." धाप ओसरेपर्यंत त्यांनी कपाळ पुसलं. मग खिशातून लांब पाकीट काढलं आणि पत्र आधी इंग्रजीत वाचलं, मग मराठीत सांगितलं. स्वित्झर्लंडला समुद्र नाही, पण महायुद्धाच्या काळापासून त्या देशाने समुद्रावर स्वतःच्या बोटी चालवायला सुरुवात केली आहे. त्यांच्यावर त्या देशाचा बावटा असतो आणि कायद्याने त्या सगळ्यांच्या मागे एकाच बंदराचं नाव लिहिलेलं असतं, बासेल. आणि बासेलला ऱ्हाईन नदीवर खरंखुरं बंदरही आहे, रोटरडॅमहून माल तिथपर्यंत येतो.

गॅलरीत कुणी हसलं नाही. आईने विचारलं, "म्हणजे ते खरं बोलत होते?"

"शंभर टक्के," सर म्हणाले.

"मला ठाऊकच होतं," आई म्हणाली. "पण हे चाळीला तुमच्या तोंडून ऐकू दे, असं वाटत होतं." एवढं बोलून ती चहा ठेवायला आत गेली. माझ्या आईला चारचौघांत एवढं सरळ बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

सर मला म्हणाले की निकाल बदलायचा तर त्या मुलाकडून कप परत मागावा लागेल, आणि मी सांगितलं तर ते मागतील. मी म्हणाले, कप राहू दे सर, मला हे पत्र द्या. त्यांनी दिलं. मी त्याचा मजकूर मराठीत उतरवून बाबांच्या कंपनीच्या पत्त्यावर पाठवला. बऱ्याच महिन्यांनी बाबांचं उत्तर आलं, एका ओळीचं: 'पत्र पोचलं, सगळ्या खलाशांना वाचून दाखवलं, रोटरडॅमला बासेलची आणखी एक बोट दिसली.'

पुढच्या वर्षी स्पर्धा आफ्रिकेवर होती. बाबा दोन आठवड्यांपूर्वीच परतले होते. यायला तयार नव्हते, आईने आणलं. बसले पुन्हा मागच्याच बाकावर, वही मांडीवर. आफ्रिकेच्या बंदरांची नवी पानं तिच्यात शिवली होती.

सर व्यासपीठावर आले आणि म्हणाले, "आफ्रिकेकडे जाण्याआधी युरोपातलं एक काम राहिलं आहे. गेल्या वर्षी याच जागी मी एका मुलीचं बरोबर उत्तर चूक ठरवलं. ती चूक माझी होती. म्हणून पहिला प्रश्न स्पर्धकांना नाही, श्रोत्यांना आहे. युरोपातल्या समुद्र नसलेल्या कोणत्या देशाच्या बोटी समुद्रावर चालतात, आणि त्यांच्या पाठीवर कोणत्या गावाचं नाव असतं? उत्तर देणाऱ्याने हेही सांगायचं, की हे त्याला कुठून कळलं."

आमच्या चाळीचे सगळे हात एकदम वर गेले. पोरं तर बाकांवर उभी राहिली. सरांनी मधल्या रांगेकडे बोट केलं आणि काका उभे राहिले. गिरणीच्या आवाजाने त्यांची मोठ्याने बोलायची सवय, पण त्या दिवशी त्यांनी आधी घसा साफ केला.

"स्वित्झर्लंड," ते म्हणाले. "गावाचं नाव बासेल. आमच्या शेजारी एक बोटीवाले राहतात. त्यांनी सांगितलं, म्हणून आम्हाला कळलं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वळून मागे बघितलं. आयुष्यात पुढे मला स्वतःला बक्षिसं मिळाली, चार माणसांत कौतुकही झालं, पण तेव्हा ऊर जसा भरून आला तसा पुन्हा कधी आला नाही. आमच्या सगळ्या चाळीत हात वर न केलेला एकच माणूस होता. तो मागच्या बाकावर, वही दोन्ही हातांनी धरून बसला होता, आणि या वेळी हसत नव्हता.